शाळा सरकारी, पैसा कुणाचा?

कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत हलवायचं, हा विषय निघाला की कारण खर्चाचं सांगितलं जातं. पुण्याला हे कारण जुनं आहे. सगळ्यांच्या मुलांना सरकारने शिकवावं ही मागणी या शहरातून पुन्हा पुन्हा झाली, आणि पैसा नाही हे उत्तरही पुन्हा पुन्हा मिळालं.

पेशवाईत मुलांची शाळा हा सरकारचा विषयच नव्हता. सरकार श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटी. मुलांना अक्षरओळख करून देणं हे पंतोजींचं काम, तेही कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि काडीने अक्षर गिरवायचं, म्हणून ती धुळाक्षरं. मग मोडी, मग पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही, सगळं मोठ्याने घोकून पाठ. पंतोजींना पालकांकडून शिधा आणि थोडे पैसे मिळत. कारकुनी किंवा दुकान सांभाळायला एवढं पुरे होई. मुली आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींची मुलं त्या ओसरीवर नव्हतीच.

१८१८ साली राज्य गेलं. कंपनी सरकारने दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली, ती संस्कृतची. म्हणजे शिक्षणावरचा सरकारी पैसा पुण्यात आला तो आधीच शिकलेल्या घरांकडे. १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती सरकारच्या जिवावर नव्हे. सरकारने जोतीरावांचा सत्कार मात्र केला, १८५२ साली, त्याच विश्रामबागवाड्यात.

१८५४ साली विलायतेहून शिक्षणाच्या धोरणाचा खलिता (वुडचा खलिता) आला, त्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. खेडोपाडी शाळा काढायच्या तर पैसा हवा, म्हणून १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसला. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा. शेतकरी कर देत होता, पण त्याचं पोर बहुधा गुरांमागे होतं.

ही विसंगती सर्वांत नेमकी पकडली फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे म्हणणं त्यांनी साफ नाकारलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. मला या निवेदनात सर्वांत मोलाचा वाटतो तो तपशील. मुलांना मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचता यावं, हिशेब यावा, जोडीला इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. मास्तर शेतकरी वर्गातले, शिकवायला तयार केलेले असावेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावांत पंधरा-वीस. पगाराचा आकडा मांडणारा माणूस नुसती सदिच्छा व्यक्त करत नसतो, त्याने शाळा चालवून पाहिलेली असते.

याच काळात पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), हुजूरपागा (१८८४) अशा नामवंत खासगी शाळा निघाल्या. शहराचं नाव झालं, पण सर्वांच्या शाळेचा प्रश्न तसाच राहिला.

तो व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नेला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१० साली ठराव, १९११ साली विधेयक. मागणी अगदी बेताची होती. स्थानिक संस्थेला हवं असेल तिथे, सहा ते दहा वयाच्या मुलग्यांना सक्ती करण्याची मुभा द्यावी. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या घराला फी नको. विरोध झाला तो खर्चावरून, आणि शेतावर राबायला पोरं कुठून आणायची, या धास्तीवरूनही. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक पडलं. ते पडणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होतं. तरीही त्यांनी ते मताला टाकलं. ब्रिटिश सरकार नाही म्हणत होतं, तेव्हा बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ सालीच सक्ती लागू केली होती. पुढे १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनीही केली.

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला, तेव्हा भांडण पुण्यातच पेटलं. आधी फक्त मुलगे, मुलींसाठी पैसा पुरणार नाही, असं म्हणणारा मोठा गट होता. टिळकही त्याच बाजूला. उलट १९२० साली मुलींसाठी बायकांनी शहरातून मिरवणूक काढली. रमाबाई रानडे त्यात होत्या, विठ्ठल रामजी शिंदे पाठीशी होते. घराबाहेर पडलेल्या या बायका स्वतःसाठी काही मागत नव्हत्या. मुलींना शाळेत बसवा, एवढंच म्हणत होत्या.

१९२३ आणि १९४७ च्या कायद्यांनी प्राथमिक शाळांची घडी बसली. चौदा वर्षांपर्यंत मोफत, सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देऊ, असं राज्यघटनेने १९५० साली सांगितलं. तो मूलभूत हक्क व्हायला २००२ साल उजाडलं, आणि त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हे त्याच्या नियमांत आहे. मुळशी-भोरच्या डोंगरातल्या वाडीत सात-आठ मुलांची शाळा उभी आहे, ती या एका किलोमीटरच्या आधारावर.