कोल्हापूरचा धूर आणि कोल्हापूरकरांची छाती

जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची मानकं वर्षानुवर्षं पाळता न आलेल्या 102 शहरांची यादी त्याच्यासोबत आली. त्या यादीत कोल्हापूर होतं, शेजारची सांगलीही होती. दिल्ली, कानपूर, चंद्रपूर यांच्या पंगतीत आपण कसे बसलो, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. चारी बाजूंनी ऊस, पश्चिमेला सह्याद्री, चार महिने धो धो पाऊस. अशा गावाची हवा बिघडली आहे हे पटणं अवघडच होतं. पण ही यादी म्हणजे एखाद्या वाईट वर्षाचा निकाल नव्हता. तिच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा धूर आहे, आणि तो धूर आपण कायम बरकतीची खूण म्हणून पाहत आलो.

मिरजेहून आगगाडी कोल्हापुरात आली 1891 मध्ये. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची गूळ बाजारपेठ उभी केली, 1906 मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. संस्थानाला स्वतःच्या पायावर उभं करायचं होतं आणि त्या काळात उद्योग म्हणजे बॉयलर, बॉयलर म्हणजे धुराडं. गूळ मात्र त्याच्याही आधीपासून होता. गुऱ्हाळघरात काहिलीखाली चुलवाण पेटतं, रस काढून उरलेलं चिपाड वाळवून त्यातच घालतात. फुकटचं इंधन, काही वाया जात नाही. पण चिपाड ओलसर राहिलं की ते नीट जळत नाही, घुसमटतं, आणि चुलवाणासमोर बसून ते आत सारणारा गडी हंगामभर तो धूर छातीत घेतो. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, भाव बाजारात रोज ठरतो. त्या गड्याच्या फुप्फुसांचा हिशेब आजवर कुणी मांडलेला नाही.

1930 च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली आणि कुडित्रे, परिते, बिद्री, वारणानगर अशी एकेक धुराडी जिल्हाभर उभी राहिली. बॉयलरचं अग्निप्रदीपन आजही पूजा करून, नारळ फोडून होतं. का होऊ नये? गळीत हंगाम सुरू झाला की तोडकऱ्यांपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या हातात पैसा खेळू लागतो. कारखान्याजवळच्या घरांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते, ती झटकून बायका कपडे आत नेतात. ही डोळ्यांना दिसणारी काजळी खरं तर त्यातला कमी धोक्याचा भाग. ती जड असते, खाली पडते, श्वासात शिरलीच तर नाकात नाहीतर घशात अडते. दिसत नाही तो भाग दूरवर जातो आणि खोलवर शिरतो.

उसाला पाणी हवं, पाण्याला पंप, पंपाला इंजिन. शेतीच्या इंजिनांच्या गरजेतून उद्यमनगरातल्या मिस्त्री लोकांनी ओतकाम वाढवलं. औपचारिक शिक्षण नसलेल्या कारागिरांनी इंजिनं उलगडून पाहिली आणि स्वतः घडवली. कोल्हापूरने याचा अभिमान बाळगावा असंच ते काम होतं. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आल्या आणि कोल्हापूरची फौंड्री देशभर पोहोचली. सुरुवातीच्या भट्ट्या म्हणजे क्युपोला: वरून कोक आणि लोखंड टाकायचं, खालून हवा फुंकायची. धुरात कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचा वायू आणि बारीक धूळ. आता बऱ्याच ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आहेत, धूर कमी झाला आहे. वाळू मात्र तशीच आहे. साचे वाळूचे असतात, ओतीव वस्तू निघाली की साचा फोडायचा, चिकटलेली वाळू घासून काढायची. त्या वाळूतली सिलिका फुटून तिची बारीक पूड फुप्फुसांत गेली की तिथे व्रण पडत जातात. तो सिलिकोसिस. त्यावर बरा करणारा इलाज नाही, आणि ज्याला तो झाला त्याला क्षयाचा धोकाही वाढतो. 1948 च्या कारखाने कायद्यापासून हा रोग कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. पण लहान शेडमध्ये कंत्राटावर काम केलेला माणूस काम सोडल्यानंतर काही वर्षांनी धापा टाकू लागतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर बहुधा दमा नाहीतर क्षय एवढंच लिहिलं जातं.

धूर माणूस मारतो हे जगाला 1952 च्या डिसेंबरात लंडनने दाखवलं. पाच दिवस थंड, थिजलेल्या हवेत कोळशाचा धूर अडकून राहिला आणि सुरुवातीच्या अंदाजानुसारच सुमारे 4,000 माणसं गेली. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा 12,000 पर्यंत नेला. तरीही बरीच वर्षं समज अशी राहिली, की एवढा दाट धूर असेल तरच धोका.

ती समज मोडली 1993 मध्ये. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतली 8,111 माणसं चौदा ते सोळा वर्षं नजरेखाली ठेवली. वय, सिगारेट, व्यवसाय यांचा फरक वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघालं. ते सर्वांत प्रदूषित शहर म्हणजे ओहायो राज्यातलं स्ट्यूबेनव्हिल, पोलाद ओतणारं. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारखं महानगर नव्हे, भट्ट्यांवर पोट असलेलं लहान गाव. फौंड्रीवर जगणाऱ्या कोणत्याही शहराने हा अभ्यास आपला समजून वाचायला हवा. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली: मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं जाडसर धुळीचं नव्हतं, अतिसूक्ष्म कणांचं होतं.

2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा भाग. नाकातले केस, घशातला चिकट स्राव, श्वासनलिकेतले हलणारे तंतू ही सगळी राखण चुकवून तो थेट वायुकोशांत जातो. तिथे शरीर त्याच्याशी झगडतं आणि सूज येते. काही अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून हवेच्या प्रदूषणाने फक्त खोकला होत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचा कर्करोग, कायमची धाप, मधुमेह, कमी वजनाची बाळं या सगळ्यांशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर आणि 2013 मध्ये बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक ठरवली, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. बेल्जियममधल्या संशोधकांना 2019 मध्ये वारेच्या, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवाच्या, बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले.

भारतात हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1981 मध्ये आला, पहिली मानकं 1982 मध्ये. त्यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1994 च्या सुधारित मानकांत हवेतल्या एकूण धुळीची वार्षिक मर्यादा निवासी भागासाठी घनमीटरला 140 मायक्रोग्रॅम होती आणि औद्योगिक भागासाठी 360. म्हणजे उद्यमनगरात काम करणाऱ्याने राजारामपुरीत राहणाऱ्यापेक्षा अडीच पट धूळ सोसावी, असं कायद्यानेच मान्य केलं होतं. हा भेद 2009 मध्ये गेला. त्याच वर्षी एकूण धुळीचं माप रद्द झालं, 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी वर्षाला 60 ही एकच मर्यादा आली आणि 2.5 मायक्रॉनच्या कणांना पहिल्यांदा मर्यादा मिळाली: 40. याच कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2021 पासून 5 आहे.

कोल्हापुरात ही मोजणी वर्षानुवर्षं झाली ती शिवाजी विद्यापीठ, रुईकर कॉलनी आणि महाद्वार रोड या ठिकाणी. राष्ट्रीय हवा-निरीक्षण कार्यक्रमाच्या पद्धतीप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104 नोंदी. या आकड्यांमुळेच शहर यादीत आलं, त्यांचं मोल मोठं आहे. पण उद्यमनगर, शिरोली, बावडा, कचरा डेपोला आग लागली की धुरात राहणारी लाईन बाजारची वस्ती, यांची रोजची हवा त्यात थेट येत नाही.

आणखी एक योग कोल्हापूरच्या वाट्याला आला आहे. गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. नोव्हेंबरपासून मात्र रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. मग धूर वर जाऊन पांगत नाही. कारखाने, गुऱ्हाळं, फडात पेटवलेलं पाचट, घराघरांतले बंब, शेकोट्या, सगळा धूर याच दिवसांत याच थराखाली साठतो. पहाटे तो सर्वांत दाट असतो. त्याच वेळी रंकाळा तलावावर फेऱ्या सुरू असतात आणि तालमीत पोरं मेहनत करत असतात. जोर-बैठका काढणारा मल्ल बसलेल्या माणसाच्या आठ-दहा पट हवा आत घेतो. ज्या शहराने शरीर कमावणं ही संस्कृती मानली, तिथे मेहनतीची वेळ आणि धुराची वेळ एक व्हावी याचं मला मनापासून दुःख होतं.

वाहनांची गोष्ट इतर शहरांसारखीच आहे. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, डिझेल जीपा, घरटी वाढत गेलेल्या दुचाक्या, अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या, पलीकडून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन आलं, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 10 पर्यंत खाली आलं. नव्या गाड्यांचा धूर खरंच कमी झाला, जुन्या अजून रस्त्यावर आहेत.

पंचगंगेच्या बाबतीत कोल्हापूर झोपलेलं नव्हतं. फेस, जलपर्णी, मेलेले मासे दिसले की माणसं नदीवर जमली, 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा प्रश्न थेट घराघरांत शिरला. हवेची साथ अशी येत नाही. एका अभ्यासानुसार देशात 2019 मध्ये हवेच्या प्रदूषणाने सुमारे 16.7 लाख मृत्यू झाले, पण मृत्यूच्या दाखल्यावर हवा हे कारण कुणाच्याच नावापुढे लिहिलेलं नसतं. त्याच अभ्यासात 1990 पासूनचा एक बदल दिसतो. चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर 64 टक्क्यांनी घटला, बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर 115 टक्क्यांनी वाढला. गॅस आल्यावर घरात जे कमावलं त्यातलं बरंच दाराबाहेर गेलं.

शुद्ध हवा कार्यक्रमाचं उद्दिष्ट आधी 2024 पर्यंत 20 ते 30 टक्के घट असं होतं, नंतर ते 2025-26 पर्यंत 40 टक्के झालं. शहरांचं यश मोजलं जातं ते 10 मायक्रॉनच्या कणांवर. त्यामुळे देशभर या निधीचा मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीवर गेला: झाडण्याची यंत्रं, पाण्याचे फवारे, कडेचे पेव्हर. धूळ कमी व्हायलाच हवी. पण चुलवाण, बॉयलर, भट्टी, डिझेल, पेटता कचरा यांतून निघणारे बारीक कण फवाऱ्याने खाली बसत नाहीत, ते जिथे काही जळतं तिथेच रोखावे लागतात. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात धापेसाठी येणाऱ्या रुग्णांची नोंद होते, हवेचीही नोंद होते. हंगामाच्या पाच महिन्यांपुरत्या या दोन वह्या शेजारी ठेवून पाहायला कोणतंही नवं यंत्र लागत नाही. फौंड्री कामगाराच्या केसपेपरवर त्याने किती वर्षं वाळूत काम केलं, हा एक रकाना वाढवायलाही नाही.