भूल दिल्यावर सगळे रुग्ण सारखेच?

"एकदा भूल दिली की श्रीमंत काय, गरीब काय, गोरा काय, काळा काय, शरीर सगळ्यांचं सारखंच," असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. शरीराबद्दल ते खरं आहे. उपचाराबद्दल नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच घ्या. भूल देताना आणि नंतरही डॉक्टरांची नजर त्याच्या आकड्यावर असते. हे यंत्र त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन ताडतं, आणि त्वचा गडद असली तर आकडा फुगवून दाखवू शकतं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन निघण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६. इथे कुणाच्या मनात आकस असायचीही गरज नाही.

वेदनेच्या बाबतीत मात्र दोष मनातल्या समजुतींचाच असतो. व्हर्जिनियातल्या २०१६ च्या अभ्यासात जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी 'कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते' अशासारखा किमान एक गैरसमज खरा मानला. त्यांनीच कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या. ऑपरेशननंतर दुखणं आटोक्यात नसेल तर रुग्ण नीट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

उरलेलं ऑपरेशन थिएटरबाहेर घडतं. पैशाअभावी हर्निया अंगावर काढला, की तो अडकल्यावर जास्त जोखमीचं तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. आणि टाके ओले असताना पोटासाठी ओझी उचलणाऱ्याला 'पथ्य पाळलं नाही' म्हणणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.