हवाईतील चिनी आणि ओकिनावन समाज : आर्थिक-सामाजिक तुलना

हवाई बेटांवर ऊसमळ्यांत राबायला आलेल्या चिनी आणि ओकिनावन (जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवरच्या) मजुरांच्या वंशजांची मिळकत, शिक्षण, धंदा आणि समाजातला मान यांची तुलना हा स्थलांतराच्या अभ्यासातला महत्त्वाचा विषय आहे. दोन्ही समाज एकाच पिकासाठी आले आणि होनोलुलूच्या एकाच बंदरात उतरले. आज दोघांचीही जुनी कुटुंबे राज्याच्या सुस्थित मध्यमवर्गात मोडतात. मधली वाट मात्र निराळी होती. ती का निराळी, असे विचारले की ‘चिनी माणूस व्यापारात मुरलेला, ओकिनावन कष्टाळू’ असे ठरीव उत्तर मिळते. या उत्तराने फारसे काही उलगडत नाही. कोण कोणत्या साली उतरला, त्या वेळी कायदा काय होता आणि आपल्या आधी येऊन वरच्या पायरीवर कोण बसला होता, यांवर बरेचसे अवलंबून होते.

१९०० चा जानेवारी

८ जानेवारी १९०० रोजी ‘चायना’ नावाच्या आगबोटीतून २६ ओकिनावन पुरुष होनोलुलूला उतरले. हवाईत आलेली ही ओकिनावन लोकांची पहिली तुकडी. त्यांची रवानगी ओआहू बेटावरच्या एवा येथील ऊसमळ्यावर झाली. त्यानंतर बाराच दिवसांनी, २० जानेवारीला, होनोलुलूची चिनी वस्ती जळाली. शहरात प्लेग शिरला होता. हाँगकाँगहून १८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात पोचलेली साथ तीच. आरोग्य मंडळाने प्लेगची घरे जाळायला घेतली, वारा फिरला आणि जवळपास ३८ एकरांतली दुकाने, घरे, गोदामे खाक झाली. चार हजारांवर माणसे उघड्यावर आली. त्यांत जपानी आणि मूळ हवाईयन लोकही होते, पण मोठा भाग चिन्यांचा होता. पुढे सरकारने भरपाई दिली, ती मागितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास.

एकाच महिन्यातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की दोन समाजांमधले अंतर दिसते. ओकिनावन माणूस जेव्हा उसाच्या फडात पहिले पाऊल टाकत होता, तेव्हा चिन्यांपाशी जळून जाण्याइतकी मालमत्ता जमली होती. अंतर सुमारे पन्नास वर्षांचे होते.

चिनी : लवकर आले, लवकर मळा सोडला

३ जानेवारी १८५२ रोजी ‘थेटिस’ या जहाजातून चीनच्या आमॉय बंदरातले १९५ चिनी मजूर आले. कंत्राट पाच वर्षांचे, पगार महिना ३ डॉलर, शिवाय खाणे, कपडा आणि राहायला जागा. कंत्राट अर्धवट टाकून पळणाऱ्याला तुरुंगाची तरतूद होती. आपल्याकडच्या गिरमिटाचीच, म्हणजे परदेशी मळ्यांवरच्या करारबद्ध मजुरीचीच, ही जात. नंतरच्या तुकड्या मुख्यतः ग्वांगदोंग प्रांतातल्या झोंगशान जिल्ह्यातून आल्या. १८८२ साली मळ्यांवरच्या मजुरांत जवळपास निम्मे चिनी होते. वीस वर्षांनी, १९०२ मध्ये, ते दहा टक्क्यांच्या आत आले. मुदत संपली की माणूस मळ्यावर थांबत नसे.

तो जाई भातशेतीकडे. युरोपीय आजारांनी मूळ हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटत होती आणि त्यांची अळूची पाणथळ खाचरे ओस पडत होती. झोंगशानच्या शेतकऱ्याला चिखलात भात लावणे शिकवावे लागले नाही. खाचर खंडाने घ्यायचे, चार-पाच गाववाल्यांनी भागीत कसायचे, रेड्यावर नांगर चालवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाच्या खालोखाल हवाईचे पीक भात होते, आणि ते चिन्यांच्या हातात होते. अनेकांनी हवाईयन बायकांशी लग्ने केली. त्यातून जमीन, नातेवाईक आणि भाषा एकदमच घरात आली. व्यापारी चुन आफाँग याने तर गोऱ्या-हवाईयन घराण्यातली मुलगी केली आणि तो बेटांवरचा पहिला चिनी लक्षाधीश मानला जातो. पुढे चीनच्या क्रांतीचे नेते झालेल्या सुन यत-सेन यांचे थोरले बंधू माऊई बेटावर शेती आणि गुरे राखून संपन्न झाले होते. धाकट्या भावाला त्यांनी १८७९ साली शिकायला होनोलुलूला बोलावले. चीनच्या क्रांतीची पहिली संघटना १८९४ मध्ये याच शहरात उभी राहिली.

मग दार बंद झाले. अमेरिकेने १८९८ मध्ये हवाई ताब्यात घेतल्यावर तिथला चिनी बहिष्कार कायदा, म्हणजे चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा, बेटांनाही लागू झाला. हा अन्यायच होता. बायकामुले चीनमध्ये आणि बाप इकडे, अशी घरे वर्षानुवर्षे दुभंगून राहिली. पण त्याचा एक परिणाम असा झाला की नवे गरीब मजूर येणे थांबले आणि आधी आलेल्यांची शहरी, इथेच जन्मलेली, नागरिकत्व असलेली पिढी समाजाचा चेहरा बनली. ती पिढी शाळेत गेली. कलिही भागात मजुराच्या घरी १९०६ साली जन्मलेले हायरम फाँग हार्वर्डमधून वकील झाले आणि १९५९ मध्ये अमेरिकी सिनेटचे पहिले आशियाई वंशाचे सदस्य झाले. पुढे ‘यशस्वी चिनी’ म्हणून जे चित्र रंगवले गेले, त्यात या कायद्याने केलेली चाळणी कोणी मोजत नाही.

ओकिनावन : परक्यांतले परके

ओकिनावा हे र्‍युक्यू राज्य. जपानने ते १८७९ मध्ये खालसा केले. १८९८ पासून सक्तीची लष्कर भरती, १८९९ ते १९०३ दरम्यान जमिनीची नवी मोजणी आणि रोखीत कर, यांनी खेड्यांचे कंबरडे मोडले. किन गावच्या तोयामा क्यूझो यांनी खटपट करून परदेशी जाण्याची परवानगी मिळवली. पहिल्या तुकडीचे कंत्राट मात्र पुरे झालेच नाही. जून १९०० मध्ये हवाईला अमेरिकी प्रदेशाचा कायदा लागू झाला आणि वेठीची कंत्राटे रद्द झाली.

कंत्राट गेले तरी पायऱ्या राहिल्या. मळ्यावर सगळ्यात वर गोरा मालक, त्याच्याखाली बहुधा पोर्तुगीज मुकादम, खाली आशियाई मजूर गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवून. १९०९ च्या संपाच्या वेळी जपानी मजुराला महिना १८ डॉलर आणि त्याच कामाला पोर्तुगीजाला २२.५० डॉलर मिळत होते. जपानच्या मुख्य बेटांवरचे लोक, म्हणजे ‘नाइची’, १८८५ पासून सरकारी कराराने येत होते. ओकिनावन आले तेव्हा ते पंधरा वर्षे जुने झाले होते. मालकाच्या वहीत दोघेही ‘जपानी’. वस्तीत मात्र ओकिनावनांची भाषा नाइचींना कळत नसे, बायकांच्या हातांवरचे ‘हाजिची’ गोंदण त्यांना रानटी वाटे आणि सोयरीक तर लांबच. शाळेत पोरे चिडवत : ‘ओकिनावा केन-केन, बुटा काऊकाऊ’. बुटा म्हणजे डुक्कर, काऊकाऊ म्हणजे खाणे.

हे चिडवणे ज्यावरून चाले, त्यावरच अनेक घरे उभी राहिली. डुक्कर पाळणे नाइचींना हलके काम वाटे. ओकिनावात मात्र घरटी डुक्कर असे. मळा सोडलेले कुटुंब भाड्याच्या तुकड्यावर खुराडे बांधी आणि घरोघर, खाणावळी-खाणावळींतून खरकटे गोळा करी. ते मोठ्या लोखंडी कढईत लाकडावर उकळायचे, थंड झाले की डुकरांना घालायचे. गाडीवर खरकट्याच्या बादल्यांशेजारी बसून जाताना वर्गातली मुले दिसली की मान खाली जाई, अशा आठवणी दुसऱ्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी सांगितल्या आहेत. त्या वाचताना आजही पोटात कालवते.

खाणावळीच्या मोरीवर भांडी घासायला लागलेला पोऱ्या आचारी होई, मग आपल्या गावच्या दुसऱ्या पोऱ्याला बोलावून घेई, आणि काही वर्षांत स्वतःची खाणावळ टाकी. ओकिनावाच्या ओरोकू गावच्या लोकांनी होनोलुलूत अशा खाणावळींची रांगच लावली. १९६६ मध्ये हिगा बंधूंनी सुरू केलेली ‘झिपीज’ आज हवाईच्या रोजच्या जेवणाचा भाग आहे. तेरुया बंधूंनी १९४९ मध्ये ‘टाइम्स’ हे सुपरमार्केट काढले, तेही खाणावळीच्या धंद्यातूनच वर येऊन.

भांडवल कुठून आले

दोन्ही समाजांना गोऱ्यांच्या बँका सहजासहजी दारात उभे करत नसत. पैसा उभा राहिला तो भिशीतून. चिनी तिला ‘हुई’ म्हणत, ओकिनावन ‘मोआय’. पद्धत आपल्या लिलावाच्या भिशीसारखीच होती. समजा वीस जणांनी महिन्याला दहा डॉलर घातले. ज्याला नड जास्त तो सगळ्यात जास्त व्याज बोले आणि त्या महिन्याची रक्कम उचले. थांबणाऱ्याला व्याज सुटे. लिखापढी नावापुरती, तारण म्हणजे गावातली अब्रू. हप्ता बुडवणाऱ्याची बातमी समुद्रापलीकडे त्याच्या आईबापांपर्यंत जाई. मराठी बाजारपेठेत वाढलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

फरक पडला तो पुढच्या पायरीवर. चिन्यांची हुई लवकरच बँकेत बदलली. १९१६ मध्ये त्यांची पहिली बँक निघाली, १९२२ मध्ये दुसरी. बँक हाती आल्यावर जमीन आणि इमारतींचा व्यवहार शक्य झाला. ओकिनावनांची मोआय बराच काळ खाणावळ आणि डुक्करवाड्यापुरतीच राहिली. जमिनीचे भाव वाढणाऱ्या बेटावर हा फरक पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

युद्ध

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर चिनी हे मित्रराष्ट्राचे लोक ठरले. १९४३ मध्ये स्थलांतरित चिन्यांना अमेरिकी नागरिक होण्याचा हक्क मिळाला. जपानी आणि ओकिनावन पहिल्या पिढीला तो १९५२ पर्यंत मिळाला नाही. जपानी भाषेच्या शाळा बंद झाल्या, पुढारी पकडले गेले. तरी लष्करी गर्दीमुळे खाणावळी तुडुंब भरल्या आणि डुकराच्या मांसाला मागणी आली, त्यामुळे ओकिनावन धंद्यांनी याच वर्षांत जोर धरला. अमेरिकी सैन्यातून परतलेले ओकिनावन सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात गेले. शिक्षक, इंजिनियर, सरकारी नोकर झालेली पिढी ती.

१९४५ च्या लढाईत ओकिनावा बेचिराख झाले. हवाईतल्या ओकिनावनांनी सुमारे ५० हजार डॉलर जमवले, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ५५० डुकरे विकत घेतली आणि १९४८ मध्ये सात माणसे त्यांच्यासोबत पोर्टलंड बंदरातून जहाजाने निघाली. वाटेत वादळाने जहाज हेलपाटले, काही डुकरे दगावली, पाचशेहून अधिक पोचली. ज्या जनावरावरून यांना हिणवले गेले, त्याच्याच पैदाशीने मायभूमीची खेडी पुन्हा उभी राहायला हातभार लागला. या मदतकार्यांतून आलेल्या एकोप्यावर १९५१ मध्ये ओकिनावन गावमंडळांची संयुक्त संघटना उभी राहिली.

आकडे आणि त्यांतली मेख

२०१० च्या जनगणनेत हवाईत स्वतःला फक्त चिनी म्हणवणारे सुमारे ५५ हजार होते. मिश्र वंशाचे धरले तर हाच आकडा २ लाखांच्या घरात जातो; जुन्या हवाईयन सोयरिकींचा हा वारसा. शिवाय १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दार पुन्हा उघडल्यानंतर आलेले नवे चिनी याच रकान्यात आहेत. होनोलुलूच्या चिनी वस्तीत दाटीवाटीने राहणारे, हॉटेलांत आणि शिवणकामात राबणारे कुटुंब आणि फाँग यांच्या पिढीचे जमीनदार वंशज यांची सरासरी काढून ‘चिनी उत्पन्न’ सांगितले, तर ते दोघांपैकी कोणाचेच नसते.

ओकिनावनांची अडचण उलटी. जनगणनेच्या अर्जावर ‘जपानी’ या नावाला चौकोन आहे, ‘ओकिनावन’ हाताने लिहावे लागते. २०१० मध्ये अख्ख्या अमेरिकेत असे लिहिणारे मिश्र वंशासह ११ हजारांच्या आसपास भरले. समाजाच्या संघटनांचा अंदाज मात्र एकट्या हवाईत ४५ ते ५० हजारांचा आहे. त्यांचे घर, पगार, शिक्षण सगळे जपानी सरासरीत विरघळते.  म्हणून चिनी आणि ओकिनावन यांच्या सरासरी उत्पन्नाची थेट आकडेमोड करणाऱ्या कोणत्याही विधानाकडे सावधपणे पाहावे. तुलना करायची तर धंदे, जमिनीची मालकी, शिक्षण आणि सत्तास्थाने यांवरून करावी.

सत्तास्थानांचे म्हणाल तर पहिल्या चिनी कंत्राटी तुकडीपासून फाँग यांच्या सिनेट निवडीपर्यंत १०७ वर्षे गेली. पहिल्या ओकिनावन तुकडीपासून २०१४ मध्ये डेव्हिड इगे गव्हर्नर होईपर्यंत ११४. इगे हे अमेरिकेच्या कोणत्याही राज्याचे ओकिनावन वंशाचे पहिले गव्हर्नर.

इतर देशांत

पेरूमध्ये १८४९ ते १८७४ दरम्यान सुमारे एक लाख चिनी मजूर ऊस, कापूस आणि ग्वानो खतासाठी नेले गेले आणि त्यांची हालत हवाईपेक्षा कितीतरी भीषण होती. राजधानी लिमातली चिनी वस्ती आणि ‘चिफा’ म्हणजे चिनी-पेरूवी जेवणाच्या खाणावळी त्यांच्या वंशजांच्या. जपानी वंशाच्या पेरूवासीयांत निम्म्याहून अधिक ओकिनावन आहेत. ते १९०६ पासून आले आणि लिमा आणि शेजारच्या कायाओ बंदरात केशकर्तनालये व छोटी दुकाने चालवून स्थिरावले. मे १९४० च्या दंगलीत ती दुकाने लुटली गेली आणि युद्धकाळात पेरूतल्या सुमारे १,८०० जपानी वंशीयांना अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवले गेले. त्याच ओकिनावातली, त्याच मोआयवर उभी राहिलेली माणसे. पण हवाईत युद्धाने त्यांची खाणावळ भरली आणि पेरूत दुकानाला कुलूप लागले. बोलिव्हियात सांता क्रुझजवळ १९५४ पासून वसलेल्या ओकिनावन वसाहतीला पहिल्याच वर्षी अनोळखी तापाने गाठले आणि जागा बदलावी लागली. तिथे दर कुटुंबाला ५० हेक्टर जमीन मिळाली होती. त्यामुळे तिथला ओकिनावन आज सोयाबीन आणि गव्हाचा मोठा शेतकरी आहे.