आलेखमालिकेतील मेमरी-वापर

एकाच स्क्रिप्टमधून शेकडो आलेख काढून फाइलींत साठवताना संगणकाची रॅम भरत जाणे, आणि ते टाळण्याच्या पद्धती. येथील विवेचन मुख्यतः पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या ग्रंथालयापुरते आहे.

या प्रकाराला सर्रास ‘मेमरी लीक’ म्हणतात. हा शब्द फारसा काटेकोर नाही. खऱ्या गळतीत अडकलेल्या जागेचा वाली कोणी उरत नाही. येथे वाली ठाऊक असतो. पायप्लॉट या मॅटप्लॉटलिबच्या आज्ञासंचाने उघडलेली प्रत्येक आकृती (आलेखाचे पान) त्याच्या अंतर्गत यादीत क्रमांकाने लागते. फंक्शन संपले, चल (व्हेरिएबल) पुसला, तरी यादीतले नाव राहते, आणि त्याच्यामागे अक्ष, रेषा व मूळ आकडेही राहतात. म्हणून ‘साठून राहणे’ हेच वर्णन अधिक योग्य. ही रचना मॅटलॅब या गणनप्रणालीच्या वळणाची आहे. मज्जाजीवशास्त्रज्ञ जॉन हंटर (मृ. २०१२) यांनी साधारण २००२-०३ मध्ये मॅटप्लॉटलिबला आकार दिला, तेव्हा मॅटलॅबसारखी आज्ञापद्धती त्यांना हवी होती. ‘चालू आकृती’ (आज्ञा जिला लागू होते ती) ही कल्पना त्यातलीच. समोर बसलेला माणूस खिडकी हाताने बंद करील, हे तीत गृहीत दिसते.

इंदूरच्या ८५ वॉर्डांतील नर्मदेच्या पाणीपुरवठ्याचे महिनावार आलेख काढायचे म्हटले, तर वर्षाला १,०२० आकृत्या होतात. मूळ मापाची आकृती (६.४ × ४.८ इंच, इंचाला १०० ठिपके) ६४० × ४८० ठिपक्यांची असते. ठिपक्याला ४ बाइट धरता ‘अ‍ॅग’ या चित्रणयंत्रणेत निव्वळ चित्रपटलाला सुमारे १.२ एमबी लागतात. साऱ्या आकृत्या उघड्या राहिल्या तर सव्वा जीबी. छपाईसाठी ३०० ठिपके केले की तेच नऊपट, म्हणजे ११ जीबीच्या वर. ८ जीबीचे यंत्र मध्येच मान टाकते. एकविसावी आकृती उघडताच इशारा येतो (मूळ मर्यादा २०). पुष्कळजण सेटिंग बदलून तो इशाराच बंद करतात. साठा वाढतच राहतो.

मुख्य उपाय असा : सेव्हफिग या साठवण्याच्या आज्ञेनंतर त्याच फेरीत, त्या आकृतीचे नाव देऊन क्लोज ही बंद करण्याची आज्ञा. मध्येच चूक होऊन ही ओळ वगळली जाऊ नये म्हणून ती ‘फायनली’त (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) ठेवावी. सीएलएफ या आज्ञेने आकृती रिकामी होते, पण यादीतून जात नाही. दर फेरीला नवी आकृती उघडून सीएलएफ करणे व्यर्थ. एकच आकृती पुन्हा वापरायची असेल तर ते चालते, वेगही वाढतो. मात्र सीएलए फक्त चालू अक्ष पुसते. रंगपट्टी जोडलेली असल्यास जुन्या पट्ट्या तशाच राहतात आणि मुख्य आलेख दर फेरीला आक्रसत जातो. पायप्लॉट टाळून थेट फिगर वर्गातून आकृती केली तर ती यादीत लागतच नाही. सर्व्हरवर हीच पद्धत बरी. अर्थात आकृत्या आपणच एखाद्या लिस्टमध्ये धरून ठेवल्या, तर यांतले काहीच उपयोगी पडत नाही.

क्लोज करूनही रॅम लगेच उतरेलच असे नाही. आकृती व अक्ष एकमेकांना धरून असल्याने कचरासंकलक (वापरात नसलेल्या वस्तू रॅममधून काढणारी पायथनची यंत्रणा) फिरेपर्यंत ती थांबतात; शिवाय मोकळी झालेली जागा पायथन कार्यप्रणालीला तत्काळ परत करीलच असे नाही. मोजताना ‘मॅक्सआरएसएस’ हा रॅम-वापराचा आकडा पाहू नये : तो उच्चांक आहे, कधीच उतरत नाही. फारच मोठी मालिका वेगळ्या प्रक्रियांत (प्रोसेस) वाटून द्यावी. प्रक्रिया संपली की तिची जागा सुटते.

ज्युपिटर या नोटबुकच्या इनलाइन पद्धतीत (आलेख कोडखालीच दिसतो) सेल, म्हणजे कोडचा तुकडा, संपताच आकृत्या आपोआप बंद होतात, त्यामुळे तेथे सुरळीत चाललेला कोड स्क्रिप्टमध्ये अडखळतो. आर या भाषेत बंद करण्याचे हेच काम डेव्ह-ऑफ ही आज्ञा करते.