लगदा टॉवरमध्ये काळवंडला की नंतर पिवळा पडला?

कागद गिरणीत लगद्याचा ब्राइटनेस, म्हणजे मीटरवर मोजलेला उजळपणा, दोन अंकांनी उतरला की शिफ्टच्या वहीत ‘रिव्हर्जन’ लिहून मोकळे व्हायचे, ही सवय आता सुटली पाहिजे. त्या एका शब्दाखाली दोन वेगळे दोष दडतात आणि उपाय भलत्याच दोषावर होतो.

रिव्हर्जन सगळ्यांच्या परिचयाचे आहे. ब्लीचिंग संपल्यावर उष्णता, दमटपणा आणि उजेड यांमुळे लगदा किंवा कागद पिवळा पडतो. उन्हात राहिलेल्या वर्तमानपत्राला यांत्रिक (लाकूड दळून केलेल्या) लगद्यातले लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू जोडून ठेवणारे द्रव्य, नडते. निलगिरीच्या ब्लीच केलेल्या क्राफ्ट (रसायनांत शिजवलेल्या) लगद्यात लिग्निन जवळपास नसते, तिथे हेक्झेन्युरॉनिक आम्ल आणि कार्बोनिल गट नडतात. एवढे पुरे.

खरी गफलत ब्लीचिंग टॉवरच्या आत होते, म्हणजे लगदा रसायनासह उजळायला ठेवतात त्या टाकीत. यांत्रिक लगद्याला हायड्रोजन पेरॉक्साइड देतो तेव्हा उजळवण्याचे काम पेरहायड्रॉक्सिल आयन करतो. तो तयार व्हायला कॉस्टिक सोडा लागतो, म्हणून पीएच ११च्या आसपास ठेवून सुरुवात करतात. पण तोच कॉस्टिक लिग्निनवर नवे रंगीत गटही तयार करत असतो. पेरॉक्साइड शिल्लक आहे तोवर उजळणे वरचढ ठरते. ते संपले आणि कॉस्टिक उरला, की त्याला मोकळे रान मिळते आणि मिळवलेला ब्राइटनेस टॉवरमध्येच उतरू लागतो. हे अल्कली डार्कनिंग, म्हणजे कॉस्टिकने काळवंडणे. इथे ना उजेडाचा संबंध, ना साठवणीचा.

ओळखायचे कसे? टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या लगद्यातले उरलेले पेरॉक्साइड मोजा. थायोसल्फेटचे साधे टायट्रेशन आहे, ते टाळायला कसलीही सबब चालू नये. पेरॉक्साइड शून्य आणि पीएच अजून चढा, तर निदान झाले. घातलेल्यापैकी दहाएक टक्के उरलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. त्याला वाया गेलेले रसायन म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो.

ब्राइटनेस कमी आला म्हणून अशा वेळी कॉस्टिक वाढवणे मला सर्वांत खटकते. त्याने लगदा आणखी काळवंडतो. आधी पेरॉक्साइड कुठे गेले ते शोधा. मँगनीज, लोह, तांबे त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात. म्हणून आधी डीटीपीएची (धातूंना बांधून ठेवणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया आणि नीट धुलाई, मग पेरॉक्साइड टिकवणारे सिलिकेट. फिरवून वापरलेल्या पाण्यात जिवाणू माजले असतील तर त्यांचे कॅटलेज एन्झाइमही तेच करते. तापमान किंवा टॉवरमधला वेळ जास्त झाला का, तेही पाहा. डोस वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी. आणि टॉवरनंतर सल्फर डायऑक्साइड देऊन पीएच उतरवायला विसरू नका, नाहीतर कॉस्टिक पुढच्या टाकीतही काम करत राहील.

रिव्हर्जन मात्र नुसत्या ब्राइटनेसच्या अंकांत सांगू नका, पीसी नंबर काढा, म्हणजे रंग किती वाढला ते सांगणारा आकडा. ८८ वरून ८६ झाले तर तो ०.३२ येतो, ७० वरून ६८ झाले तर १.१०. घट दोन्हीकडे दोनच अंकांची, पण दुसऱ्या लगद्यात रंग तिपटीहून जास्त वाढला.

हे दोन्ही दोष ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे निळसर चमक देणारे रसायन, घालून झाकता येतात. मोजणी ४५७ नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यात होते आणि ब्राइटनर नेमका तिथेच चमकतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा चढतो. म्हणून ब्राइटनर पडण्याआधीच्या लगद्याचा आकडाच मी ग्राह्य धरतो.