बर्फात अडकलेले जहाज आणि वाचायला शिकणारी मुले

अनेक मुले परिच्छेद न अडखळता मोठ्याने वाचून दाखवतात, पण त्यात काय घडले असे विचारताच गप्प होतात. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रात या विसंगतीचे सोपे स्पष्टीकरण मिळते. वाचनाचे आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे ते सूत्र सांगते. त्यातील एक क्षमता लिखित अक्षरांवरून शब्द ओळखण्याची आणि दुसरी ऐकलेली भाषा समजण्याची. बेरजेऐवजी गुणाकार असल्यामुळे यातील एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काहीच लागत नाही. ध्रुवीय प्रदेशातील तग धरून राहण्याच्या कथा मुख्यतः या दुसऱ्या बाजूसाठी उपयोगी पडतात. त्या थरारक असतात एवढेच त्याचे कारण नाही.

ध्रुवीय प्रदेशांचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेची हकीकत घेऊ. त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात गोठलेल्या बर्फात अडकले. महिनोन्‌महिने ते बर्फाबरोबर वाहत राहिले, बर्फाच्या दाबाने चिरडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये बुडाले. त्यावरील २८ जणांनी बर्फावर तळ ठोकला, बर्फ फुटू लागल्यावर तीन होड्यांतून एलिफंट बेट गाठले, आणि तेथून सहा जण सुमारे सात मीटर लांबीच्या होडीतून मदत आणण्यासाठी साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले. ऑगस्ट १९१६ मध्ये मागे राहिलेल्या २२ जणांचीही सुटका झाली.

या हकीकतीतील प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून निघते: दाब वाढला म्हणून जहाज सोडावे लागले, जहाज गेले म्हणून तळ ठोकावा लागला. कार्यकारणाची अशी साखळी असली की मुलांना घटनाक्रम पाठ करावा लागत नाही. शिवाय बर्फ, शिधा, वारा, होडी यांच्याभोवतीच कथा फिरत असल्याने तेच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा समोर येतात. ही पुनरावृत्ती महत्त्वाची असते, कारण वाचता वाचता भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्केच शब्द आपोआप शिकले जातात, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांच्या १९९९ मधील एकत्रित विश्लेषणातून निघाला होता.

उरलेले शब्द शिकवावे लागतात, आणि इथे शिक्षकांची निवड बहुधा चुकते. हिमनग, शिडाची होडी, सील हे शब्द चटकन डोळ्यांत भरतात, म्हणून फळ्यावर तेच लिहिले जातात. खरे तर त्यांना एखादे चित्र पुरते. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन स्तर सांगितले आहेत: रोजच्या बोलण्यातले, विशिष्ट विषयापुरते, आणि या दोहोंच्या मधले, म्हणजे कोणत्याही विषयाच्या लेखनात आढळणारे पण बोलण्यात क्वचित येणारे. माघार, अंदाज, अपरिहार्य, निर्धार, काटकसर हे या मधल्या स्तरातील शब्द होत. मुलांना पुढे इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या पाठांत हेच शब्द भेटणार असल्यामुळे एका बैठकीत असे चार-पाच शब्द निवडून त्यांवरच वेळ खर्च करावा, असे माझे मत आहे. ‘अपरिहार्य’चा अर्थ सांगून थांबू नये, जहाज सोडणे अपरिहार्य होते, मग एका खलाशाचा बॅन्जो (एक तंतुवाद्य) बरोबर घेणेही अपरिहार्य होते का, असे विचारावे.

बॅन्जोचा हा प्रसंग अनुमानाच्या सरावासाठी फारच उत्तम आहे. जहाज सोडताना प्रत्येकाला खासगी सामान सुमारे एक किलोपुरतेच ठेवण्याचा हुकूम होता. खुद्द शॅकल्टन यांनी सोन्याची नाणी बर्फावर टाकून दिली. तरीही हवामानतज्ज्ञ लिओनार्ड हसी यांचा बॅन्जो त्यांनी आवर्जून बरोबर घ्यायला लावला. या निर्णयामागील कारण मुलांनी शोधायचे आणि आपल्या उत्तराला आधार देणारे वाक्य मजकुरात दाखवायचे. नुसते ‘मला वाटते’ पुरेसे धरू नये.

अनुमानाला मात्र आधी माहितीचे भांडवल लागते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्यावरील उतारा दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्याचप्रमाणे समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते, आणि वारा व प्रवाह यांमुळे तो बर्फ सरकतो व एकमेकांवर दाबला जातो, हे ज्याला माहीत नाही त्याला जहाजाच्या फळ्या का करकरल्या हे कळणार नाही. म्हणून कथेआधी नकाशा आणि समुद्रबर्फाची पाच मिनिटांची ओळख करून द्यावी.

गुणाकाराची पहिली बाजू या कथेने आपोआप सुधारत नाही. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाच्या हाती हा मजकूर दिला, तर त्याचे सारे लक्ष अक्षरे जुळवण्यातच खर्च होते. अशा मुलांना कथा आधी वाचून दाखवावी, अक्षरवाचनाचा सराव सोप्या मजकुरावर स्वतंत्रपणे चालू ठेवावा, आणि तीच कथा काही महिन्यांनी त्यांना स्वतः वाचायला द्यावी. तोपर्यंत तिच्यातले बहुतेक शब्द त्यांच्या कानांना ओळखीचे झालेले असतात.