जुन्या अ‍ॅम्बेसेडरला एसी: टेक्सासपासून नवतप्यापर्यंत

अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य भागात १९४०-५०च्या दशकांत मोटारीच्या खिडकीबाहेर पत्र्याचं एक जाडजूड नळकांडं अडकवलेलं दिसे. आत पाणी आणि भिजत राहणारी ताटी. गाडी धावली की गरम वारा त्यातून गार होऊन आत यायचा. आपला घरचा कूलर तेच करतो, फक्त पंखा लावून. विदर्भात हे नळकांडं नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, चाललं असतं. मृगाचा पाऊस पडल्यावर त्यानं नुसता घाम वाढवला असता. शिवाय रेल्वे फाटकावर गाडी थांबली की वाराही बंद.

कंप्रेसरवरचा एसी गाडीत आणला तो पॅकार्ड कंपनीनं, १९३९मध्ये. किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉईल डिकीत होती आणि कंप्रेसर हवा तेव्हा जोडणारा-सोडवणारा क्लच नव्हता. हिवाळ्यात एसी नको असेल तर बॉनेट उघडून बेल्टच काढून ठेवायचा! दोन-तीन वर्षांत हा प्रकार बंद पडला. १९५४मध्ये नॅशनं सगळं सामान गाडीच्या पुढच्या भागात आणलं, आणि आजची मांडणी तिथून रुळली.

कंपनीतून बिनाएसी आलेल्या गाडीत एसी चढवायची विद्या मात्र टेक्सासमध्ये वाढली. फ्रिजीकिंग, मार्क फोर, एआरए या नावांची डॅशबोर्डखाली लटकणारी युनिटं तिथून देशभर जायची. त्या काळचा यॉर्कचा दोन सिलिंडरचा उभा कंप्रेसर वजनदार, आणि त्याच्या हादऱ्यानं ब्रॅकेट तुटत. मग १९७०च्या सुमारास डॅलसच्या मिचेल कंपनीकडून तंत्र घेऊन जपानच्या सॅनडेननं पाच पिस्टनचा आटोपशीर कंप्रेसर काढला. अ‍ॅम्बेसेडरसाठी अजूनही मिस्त्री आधी त्यातला ५०८ शोधतो, १३८ सीसीचा. प्रीमियर पद्मिनीला १०८ सीसीचा ५०७ बरा. तिचं इंजिनच १०८९ सीसीचं, त्याहून जास्त ओझं तिला सोसत नाही.

आपल्याकडे हे सामान हाताशी आलं ते मारुतीमुळे. १९८५मध्ये सुब्रोस सुरू झाली, मारुतीचे एसी बनू लागले, आणि त्यांचे सुटे भाग हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले. लगेच मारुतीची कूलिंग कॉईल अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसू लागली. ही चूक आजही होते. मारुती ८००च्या इवल्याशा केबिनसाठी केलेली कॉईल अ‍ॅम्बेसेडरच्या खोलीएवढ्या केबिनला पुरत नाही. पुढच्यांच्या गुडघ्यांना गारवा, मागच्या सीटवर तपन तशीच. १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर १९९०च्या दशकात आली आणि एसीचा भार पेलू लागली. पण आज वाड्यांत जपून ठेवलेल्या, लग्नसराईत निघणाऱ्या गाड्यांत बऱ्याच १४८९ सीसीच्या आहेत, जेमतेम ५० अश्वशक्तीच्या. कंप्रेसर त्यातली तीन ते पाच खातो.

अशी गाडी अडते ती सगळ्यात आधी विजेवर. जुना डायनामो इंजिन पळत असताना २२ अँपिअर देतो, आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, जवळपास काहीच नाही. एसीचा ब्लोअर १० अँपिअर खातो, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा ८ ते १०, क्लच ४. म्हणजे हेडलाइट लावायच्या आतच हिशेब संपला. म्हणून कंप्रेसरच्या आधी ५५ ते ६५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवावा, डायनामोचा जुना कट-आउट काढावा, बॅटरीची मुख्य वायर जाड घ्यावी आणि पंखा व ब्लोअर वेगवेगळ्या रिलेवर घ्यावेत. फार जुन्या, ब्रिटिश घडणीच्या गाडीत आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते, पाहावं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अल्टरनेटर तसाच जोडला तर त्याचे डायोड क्षणात जळतात आणि पंखा उलटा फिरतो.

कंप्रेसरचं ब्रॅकेट ८ ते १० मिलिमीटर जाड पट्टीचं हवं आणि ते इंजिन ब्लॉकलाच बोल्ट करायचं. चेसिसला बांधलं तर रबरी माउंटवर इंजिन डुलतं, कंप्रेसर जागचा हलत नाही आणि बेल्ट उडतो. क्रँकच्या पुलीला दुसरी खाच लेथवर काढून घेतात. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून पाहावी, एक-दोन मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती खास आपल्याकडची. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलेलं असतं. नळ्यांत क्षार बसतात. एसी नसताना गाडी कशीबशी निभावते, पण रेडिएटरपुढे तापलेला कंडेन्सर आला की काटा लाल पट्ट्यात जातो. दोष एसीवर येतो. रेडिएटर आधी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळ्या घालून सफाई) करून घ्यावं, जमलं तर नळ्यांच्या चार रांगांचा कोअर टाकावा आणि त्यात कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळून भरावा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मात्र एसी बंद ठेवलेलाच बरा.

गॅसचा इतिहास वेगळा. १९३०च्या सुमारास आलेल्या आर-१२ या गॅसवर गाड्यांचा एसी पाच दशकांहून जास्त चालला. ओझोनच्या थरासाठी १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२मध्ये त्यात आला, आणि त्याच्या जागी आर-१३४ए हा गॅस रुळला. कंडेन्सरमधला गॅस ६५ अंशांवर असताना आर-१२चा दाब साधारण २३० पीएसआय, १३४एचा २६०. आपल्या मे महिन्यात ही तीस पीएसआयची भर छोट्या, जुन्या कंडेन्सरला जड जाते. म्हणून पॅरलल फ्लो कंडेन्सर आणि १२ ते १४ इंची स्वतंत्र पंखा घ्यावा. जुन्या आर-१२ युनिटात नुसता गॅस बदलून भागत नाही. त्यातलं मिनरल ऑइल १३४एमध्ये मिसळत नाही. ते कंप्रेसरकडे परत येत नाही आणि पिस्टन कोरडे पडून जाम होतात. ऑइल, ड्रायर (ओल शोषणारी डबी), ओ-रिंग बदलाव्या लागतात. जुने होज गॅस झिरपू देत असतील तर तेही.

घाई होते ती व्हॅक्यूमच्या वेळी, म्हणजे गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढताना. पंप निदान ४५ मिनिटं चालवून काटा २९ इंचांजवळ आणावा, मग पंप बंद करून अर्धा तास काटा जागीच राहतो का ते पाहावं. आत ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक तोंडाच्या) आत गोठते: दहा मिनिटं छान गार, मग गरम वारा, पुन्हा गार. गॅस साधारण ६०० ते ८०० ग्रॅम लागतो, पण खरा निर्णय गेजवर. थंडावा कमी वाटतो म्हणून वर गॅस ढकलला की दाबच वाढतो. आयडल पडत असेल तर व्हॅक्यूमवर चालणारा आयडल-अप लावून ते मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतात.

दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यांवर कापसाची रुई उडते. ती कंडेन्सरच्या पात्यांत पापडीसारखी चिकटते. वरून दिसत नाही, ग्रिल काढून टॉर्च मारली की पांढरा थर दिसतो. इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं पाण्याची हलकी धार सोडून ती काढावी. प्रेशर वॉशर लावला की पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो. वाड्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ब्लोअरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावावी, नाहीतर उंदीर तीच रुई ओढून आत घर करतात.